ट्रंकेतून सुटलेला मेणकापडी कोट

मी एक जुना मेणकापडाचा कोट आहे, मित्रांनो. 'जुना' असं मी स्वतः म्हटलं तर चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. अजूनही पाऊस माझ्यापुढे हात टेकतो.

मला घडवलं नावाड्याच्या बायकोनं. नदीच्या धक्क्यावरचे सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. जाड सुती कापड बेतून, दुहेरी शिवण घालून वहिनींनी मला शिवलं आणि मग जवसाचं तेल हातानं चोळून चोळून माझ्या अंगात जिरवलं. एक हात दिला की वाऱ्यावर टांगायचं, चिकटपणा पार गेला की दुसरा हात. घरभर तेलाचा वास. नावाडी कुरकुरायचा, "या घरात आता तेलकट नाही असं काही उरलंय का?" पण पहिल्याच वादळी पावसात तो नाव घेऊन गेला आणि कोरड्या सदऱ्यानं परतला, तेव्हा तो स्वतःच मला वाऱ्यावर टांगू लागला. धक्क्यावरचे लोक माझी बाही चाचपून बघू लागले. मी तर हवेतच होतो.

त्या कौतुकानंच घात केला. इतकी चांगली वस्तू रोज कशाला वापरायची, असं वहिनींच्या मनानं घेतलं. त्यांनी माझी छान घडी घातली, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि मला लोखंडी ट्रंकेत ठेवून दिलं. नावाडी पुन्हा डोक्यावर गोणपाट घेऊन नाव हाकू लागला. मित्रांनो, आम्हा तेल प्यायलेल्या कपड्यांना मोकळा वारा लागतो. ट्रंकेत उन्हाळाभर उकडून माझं तेल सुटलं आणि माझी छाती माझ्याच पाठीला चिकटली.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी जावयाचा फोन आला. पलीकडच्या काठावर दिलेल्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, मूल पायाळू होतं. नर्सबाई राहायच्या या काठावर. त्या धावत आल्या, पण वाऱ्यानं त्यांची छत्री पार उलटी करून टाकली होती.

"मी भिजले तर भिजले," त्या म्हणाल्या, "पण पिशवीतला कापूस नि औषधं भिजली, तर तिथं जाऊन मी करू काय?"

वहिनींनी ट्रंक उघडली. आतून निघाला नुसता गठ्ठा. त्यांनी घाईनं ओढलं, तर पाठीवरचा तेलाचा पापुद्रा सोलून निघाला.

"जपायला गेले आणि मीच वाट लावली," त्या पुटपुटल्या. डोळे भरून आले होते, पण रडायला वेळ कुठे होता? त्यांनी पिठाचा डबा घेतला आणि घडीघडीत पीठ भुरभुरत मला हळूहळू सोडवायला लागल्या.

"अगं, कोट काढतेस की स्वयंपाकाला बसलीस?" नावाडी दारातून ओरडला.

"तुम्ही नाव सोडा हो. आलेच मी."

नर्सबाईंनी पिशवी पोटाशी धरली आणि वरून मला चढवलं. नदी पिसाळली होती. पिठाची खळ होऊन माझ्या अंगावरून ओघळत होती. एवढी शोभा माझी कधीच झाली नव्हती. सोललेल्या जागेला स्वतःची पाठ लावून वहिनी बसल्या आणि चिंब भिजल्या. बाकी सगळा पाऊस मी एकट्यानं अडवला.

पलीकडे पिशवी उघडली, तर कापूस कोरडा ठणठणीत. संध्याकाळी नात झाली. लेकही सुखरूप होती. नर्सबाई बाहेर आल्या आणि मला चाचपत म्हणाल्या, "वहिनी, असा एक मला शिवून द्या. पीठ नसलं तरी चालेल." वहिनी खळखळून हसल्या, आणि मग मला छातीशी धरून ढसाढसा रडल्या. त्या दिवशी माझ्याइतका भाग्यवान कपडा जगात नव्हता.

पाठीवर ठिगळ लागलं, ताजं तेल लागलं, आणि ट्रंकेचं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, आवडत्या वस्तूला कोंडू नका. तिला वारा द्या, काम द्या, फाटली तर शिवा.

आता ती नातच नाव चालवते. माझ्या बाह्या दुमडून घेते, पण रुबाब बघा तिचा. बाहेर सरी कोसळताहेत आणि ती खुंटीकडेच येतेय. जरा वाट सोडा, मला भिजायला जायचंय.