भरमाआप्पा जिवंत आहेत!

मी एक जुना धोटा आहे, आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलंय. धोटा म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर सांगतो. हातमागावर पोटात सुताची कांडी घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे जो धावतो, तो मी. खानापूरकडच्या एका सुतारानं मला शिसवी लाकडातून कोरलं. बेळगावच्या वडगावात, भरमाआप्पांच्या मागावर माझं आयुष्य गेलं.

आप्पांचे हात चालत तसं तोंडही चाले. लेक सुवर्णाला विणायला शिकवलं तेही गोष्टीतूनच. "पायाखालच्या ह्या पावड्या म्हंजे दोन जावा गं. एक बसली की दुसरीनं उठायचं. दोघी एकदम बसल्या की धोटा मधी अडकतोय." पोरगी हसत हसत शिकली. दुपारी तिचे हात जड झाले की आप्पा गोष्ट अर्ध्यात सोडत. "पुढलं वीतभर विणल्यावर!" मग सुवर्णा भराभर विणायची. गल्लीत दोघांचं भांडण पेटलं, तर त्यांनाही गोष्टीत गुंतवून चहाला बसवत. गिऱ्हाइकाला काठावरच्या मोराची गोष्ट सांगत, आणि ते साडी घेऊनच उठे. आमच्या घरात गोष्ट सुताइतकीच लागायची.

मग आले श्रीपादराव. गोष्ट सांगून माल कसा खपवावा, हे दुकानदारांना आणि कचेरीतल्या लोकांना शिकवणारे. त्यांनी ओट्यावर बसून आप्पांच्या गोष्टी ऐकल्या, चहा घेतला आणि जाताना मला मागितलं. "शिबिरात दाखवतो आप्पा, परत आणून देतो." आप्पांनी लगेच दिलं. भोळा माणूस!

हॉटेलच्या हॉलमध्ये मला काचेच्या टेबलावर मांडलं. श्रीपादरावांनी मला दोन्ही हातांनी उचललं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "हा धोटा ज्या हातांनी चालवला, ते हात आता या जगात नाहीत."

अहो, काय बोलताय काय! समोरचे लोक डोळे पुसायला लागले. मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो. जिवंत म्हाताऱ्याच्या गोष्टीला रडू कमी येतं, म्हणून यांनी त्याला मारूनच टाकलं! आणि मग शिबिरामागून शिबिरात तेच.

एकदा असंच रडवणं चालू असताना दार ढकलून सुवर्णा आत आली. धापा टाकत होती.

"शहापूरच्या दुकानातनं फोन आलता. त्यांचा मॅनेजर तुमच्या शिबिराला बसलता. आप्पा गेले म्हणून कळलं म्हणाले, लग्नसराईच्या साड्यांचं काम दुसऱ्याला दिलं म्हणाले. माझा आप्पा जित्ता हाय! भायेर रिक्षात बसलाय. आत चल म्हटलं तर म्हणतोय, मी मेलोय म्हणत्यात, जाऊ कसा?"

लोक उठून उभे राहिले. आणि मग टाळ्यांचा कडकडाट! त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. श्रीपादरावांनी मान झुकवून त्या टाळ्या घेतल्या. जनाची नाही, मनाची तरी? सुवर्णानं मला टेबलावरून उचललं, पदरात गुंडाळलं आणि तडक बाहेर पडली.

साड्यांचं काम काही परत आलं नाही. दुकानदार हळहळला, पण त्यानं शब्द दुसऱ्याला देऊन टाकला होता. ऐन लग्नसराईत आमचा माग रिकामा आहे. आप्पा मात्र आल्यागेल्याला स्वतःच्याच मरणाची गोष्ट रंगवून सांगतात. लोक पोट धरून हसतात. मला हसू येत नाही.

मित्रांनो, गोष्टी खुशाल सांगा. शिकवायला सांगा, विकायला सांगा, दमलेल्याला उठवायला सांगा. पण ज्याची गोष्ट सांगता त्याच्या घरात चूल असते, एवढं ध्यानात ठेवा. आणि उद्या कुणी माझ्यासारखी जुनी वस्तू हातात धरून तुम्हाला रडवायला लागला, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी पत्ता विचारा आणि जाऊन बघा. आप्पा घरीच असतात.