न निवडलेली भाजी

बाबांनी ओढ्याकाठून आणलेला पाला आईच्या पुढ्यात ओतला आणि ते पुन्हा छपरावर चढले. आईने त्यातला एक देठ चुरगळून मुलीच्या नाकाशी धरला.

"लव नाही, जांभळे ठिपके, वर उंदरासारखा वास. रानगाजराचं सोंग घेतलेलं विष आहे हे." मग मान वर करून ती ओरडली, "अहो, आम्हा दोघींचा काटा काढायचा बेत आहे की काय?"

"आधी छप्पर पुरं होऊ दे!" तोंडात खिळे धरूनच बाबांनी उत्तर दिलं.

लाकडाची एकच खोली आणि भोवती भाजीचे वाफे, एवढा संसार दोघांनी निवृत्तीनंतर त्या माळावर मांडला होता. रानभाजीच्या कामाची वाटणी ठरलेली. बाबांनी पानं बघून खुडायचं, आईने देठ चाचपून, हुंगून निवडायचं. अर्धी विद्या त्यांच्याकडे, अर्धी तिच्याकडे. मुलगी सुट्टीत येई आणि आईपाशी बसे. बाबांशी तिचं बोलणं आईमार्फतच चाले.

"त्यांना म्हणावं, शिडी नीट लावा."

"तिला म्हणावं, ती चालायला शिकायच्या आधीपासून शिड्या लावतोय मी."

आणि मध्ये बसून आई पोट धरून हसायची.

त्या पाल्यावरून थट्टा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई वाफ्यात वाकली ती उठलीच नाही; हृदय थांबलं होतं.

माणसं येऊन गेली. मुलगी शहरात कामावर परतली. फोन केला की बाबा "बरा आहे" म्हणत आणि ठेवून देत. शेवटी एका रविवारी न कळवताच ती तिथे पोचली. वाफ्यांत गवत माजलं होतं, बाबांच्या सुतारकामाच्या रंध्यावर गंज चढला होता. दार उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसले होते. समोर वाडग्यात हिरवी भाजी वाफाळत होती.

ती वाडग्यावर वाकली.

"कुठली भाजी ही?"

"ओढ्याकाठची."

"निवडली कुणी?"

"आल्या आल्या उलटतपासणी! बस, पाणी पी."

"बाबा, देठ कुठे आहेत?"

"चुलीत घातले."

चुलीत राखच होती. पातेल्यातला पाला शिजून एकजीव झालेला. आता नाक खुपसूनही काही कळणार नव्हतं.

"खाल्लीत का थोडी?"

"अजून नाही." त्यांनी चमचा भरला. "इतकी वर्षं खुडतोय मी. कळतं मला."

"खुडायचं कळतं तुम्हाला. टाकून द्या ती."

"तू तुझ्या आईसाठी यायचीस. आता कशाला हेलपाटे घालतेस? जा, तुझी कामं असतील."

हे तिला लागलं. पण चमचा तोंडाकडे निघाला होता. ओढाताण केली असती तर ते इरेला पेटले असते. बापाचा हट्ट ती ओळखून होती, तोच तिच्यातही उतरला होता. तिने खुर्ची ओढली, वाडगा आपल्याकडे सरकवला आणि दुसरा चमचा भरून घेतला.

"कळतं ना तुम्हाला? मग मीही खाते. भूक लागलीय."

चमचा ओठांपाशी पोचला आणि बाबांनी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की भाजी टेबलावर सांडली.

"नको," ते म्हणाले. "खात्री नाही माझी."

"आणि स्वतः खायला निघाला होतात?"

त्यांनी मान वर केली नाही. तिचं मनगटही सोडलं नाही. "निवडणारे हात कुठून आणू मी?"

सवयीने तिची नजर चुलीकडे वळली, निरोप पोचवणाऱ्या आईकडे. तिथे कुणी नव्हतं. जे म्हणायचं ते तिलाच म्हणायचं होतं, आणि थेट त्यांना. ती त्यांच्याकडे वळली.

"बाबा, मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "आईचे म्हणून नाही. माझे म्हणून."