खळीच्या डब्यानं पाहिलेला चेहरा

मी खळीचा डबा बोलतोय. जन्मानं डालड्याचा. अंगावर हिरवं झाड होतं, ते आता शोधूनही सापडणार नाही. नाशिकला दहीपुलाजवळच्या एका हलवायाकडं मी तुपानं भरलेला आलो. तूप संपलं आणि भंगाराच्या हातगाडीवर पडलो. तिथून मला पुंजारामनं उचललं. खिळ्यानं दोन भोकं पाडली, तारेची कडी अडकवली आणि घरी नेऊन धाकट्या भावासमोर धरलं.

"मंग्या, हा बघ आपला तिसरा भाऊ."

"भाऊ कसला? तुझ्यापेक्षा गोरा हाय तो," मंगळू म्हणाला.

तेव्हापासून मी त्या घरचा.

पुंजाराम सिनेमाची पोस्टरं चिकटवायचा. गावातल्या एका टॉकीजचं काम होतं त्याच्याकडं. शुक्रवारी खेळ बदलायचा, म्हणून गुरुवारी सकाळीच चुलीवर मी चढायचो. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं खळ निळसर होते आणि उंदीर, झुरळं पोस्टरला तोंड लावत नाहीत. पुंजाराम माझ्यावर वाकून ढवळायचा. गुठळी होऊ द्यायची नाही, म्हणून नजर हटवायचा नाही. माझ्याकडं इतका वेळ बघणारा माणूस मला आधी कधी भेटला नव्हता. डाव्या भुवईत केस नसलेली एक फट होती. पुढच्या दोन दातांत एक दात दुसऱ्यावर चढलेला. खळ जमत आली की जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं.

मग सायकल निघायची. हँडलला मी, कॅरिअरवर पोस्टरांच्या घड्या, आणि मागून शिडी खांद्यावर घेऊन मंगळू. रविवार कारंजा, शालिमार, सारडा सर्कल, पुढं नाशिकरोडपर्यंत. मंगळू तिसरीतून शाळा सोडून आलेला. एकदा त्यानं अख्खं पोस्टर उलटं लावलं. पुंजाराम खाली उभा राहून पोट धरून हसला.

"अरे, नटी डोक्यावर उभी हाय! अक्षरं नाय वाचता येत, पण पाय कुठं आन् डोकं कुठं एवढं तरी बघ की!"

"मला काय ठाऊक, तिनं व्यायाम धरला असंल," मंगळू वरूनच ओरडला.

फळ्यांवर पोस्टरावर पोस्टर चढत जायचं. थर फार जाड झाले की ते सगळे मिळून एखाद्या पुठ्ठ्यासारखे सोलून निघायचे. ती जाड सालं पुंजाराम घरी आणायचा. वडाळा नाक्याजवळच्या वस्तीत त्यांचं पत्र्याचं घर होतं, थंडीत पत्रा बर्फासारखा गार पडायचा. आतून ही सालं ठोकली की वारा अडायचा. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी सगळीकडं अर्धे नट, अर्ध्या नट्या. त्यांची आई चतुराबाई म्हणायची, "माझ्या घरात एवढी माणसं राहत्यात, पण पाणी भरायला एक उठत नाय."

मग तो गुरुवार आला.

सारडा सर्कलच्या एका फळीवरचं साल पुंजारामनं दोन्ही हातांनी ओढलं, आणि आतला गंजका खिळा त्याच्या तळहातात घुसला. त्यानं हात झटकला, पँटला पुसला. घरी चतुराबाईनं हळद आणि चुना लावून फडकं बांधलं. "काय नाय गं," तो म्हणाला, "खळीचाच हात हाय, आपोआप चिकटंल."

आठवड्याभरात फडकं सुटलं. आणि एका सकाळी त्याला भाकरीचा घास घेता येईना. जबडा उघडेचना.

"आई, दादाला अक्कलदाढ येतीय," मंगळू हसत म्हणाला. "बरं झालं, उशिरा का होईना, अक्कल येतीय!"

पुंजारामही हसायला गेला. ते हसू तोंडावर आलं ते परत गेलंच नाही. धनुर्वात होता.

पुढचं मी पाहिलं नाही. मी चुलीजवळ पालथा पडून होतो. पण नंतर कितीतरी गुरुवारी मंगळू एकटा खळ ढवळायचा, आणि जे आईला सांगू शकला नाही ते मला सांगायचा. सरकारी दवाखान्यात पुंजारामला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. उजेड पडला की अंग धनुष्यासारखं वाकायचं. भांडं वाजलं तरी वाकायचं. दात घट्ट मिटलेले, ओठ दोन्हीकडं ताणलेले. जणू तो हसतोय. "हसत नव्हता रे तो," मंगळू मला म्हणायचा आणि ढवळायचं थांबायचा. खाली खळ करपायची.

अमरधामात चिता पेटली तेव्हा मंगळूनं खिशातून फोटो काढला आणि जाळात टाकला. पुंजारामचा तो एकुलता एक फोटो. मेनरोडच्या स्टुडिओत दोघा भावांनी पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून काढलेला. लोकांनी त्याचा हात धरेपर्यंत कागद वळला होता. "दादा एकटा जाऊ नये म्हणून टाकला," तो सगळ्यांना सांगत सुटला. लोक म्हणाले, केवढी माया भावावर.

जलदान विधीला पाट मांडला, फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या. पाटावर फोटो नव्हता. नांदगावहून आलेल्या मामानं, भिमाजीनं, विचारलं, "फोटो कुठंय गं?" चतुराबाईनं मान फिरवली. त्या दिवसापासून ती मंगळूशी बोलायची बंद झाली. ताट पुढं सरकवायची, अंथरूण टाकायची, पण तोंडातून शब्द नाही.

मंगळूला वाटलं, फोटोपायी. ते त्याला सोसवेना. एक दिवस शेजारच्या कुसाबाईसमोर तो छाती ठोकून म्हणाला, "वरीस भरायच्या आत दादाचं तोंड ह्या भितीवर लावतो! बघच तू!"

कसं लावणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चित्र काढता येत नव्हतं. हाताशी होती ती पोस्टरची सालं आणि मी.

त्यानं एक जाड साल जमिनीवर पसरलं आणि पोस्टरांतून तोंडं शोधायला बसला. ह्या नटाचं कपाळ, त्याचे डोळे, खलनायकाची हनुवटी, कुण्या विनोदी नटाचा कान. कात्री नव्हती, हातानंच फाडायचा. बोटं माझ्यात बुडवायची, कागदावर फिरवायची, थापटायचं. चार-पाच दिवस जेवणाचं भान नव्हतं. शेवटी त्यानं ते साल भिंतीला टेकवलं.

कुसाबाई डोकावली आणि पदर तोंडाला लावून हसली. "अगं चतुराबाई, तुझा पुंजा हिरो झाला की! आता मुंबईला धाडा त्याला."

चतुराबाईनं एकदाच पाहिलं आणि पाण्याची घागर घेऊन बाहेर गेली.

मंगळूनं त्या चेहऱ्याच्या चिंध्या केल्या. पुन्हा केला, पुन्हा फाडला. खरी गोष्ट ही होती की त्याला भावाचा चेहराच आठवत नव्हता. डोळे मिटले की ते दवाखान्यातलं ताणलेलं तोंड पुढं यायचं आणि त्याच्या मागचं सगळं झाकून टाकायचं. मला आठवत होता. भुवईतली फट, चढलेला दात, सगळं. मी तिथंच, त्याच्या गुडघ्याशी होतो. पण डब्याला कोण विचारतं, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

एका दुपारी त्याला भयंकर राग आला. कुणाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं मला उचलून अख्खी खळ एका सालावर ओतली आणि न बघता हाताला येईल तो कागद फाडून त्यावर दाबत गेला. लुगड्याचा लाल तुकडा. बंदुकीचा धूर. न वाचता येणारी काळी अक्षरं, उलटी-सुलटी. कागद फाटला की त्याची पांढरी कड उघडी पडायची, कधी खालच्या थरातलं कुण्या जुन्या सिनेमाचं आभाळ दिसायचं. त्यालाही तो नखानं खरवडायचा. त्या दुपारी त्यानं दादाचा विचार केला नाही. कसलाच केला नाही. संध्याकाळी उठला तेव्हा त्याचे खांदे खाली आले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. मग रोजच. हात म्हणेल तो तुकडा, हात म्हणेल तिथं. कधी एक तुकडा घेऊन बराच वेळ बसायचा आणि परत ठेवून द्यायचा. "हा नाय. हा खोटा हाय," असं पुटपुटायचा. का खोटा, ते कळत नव्हतं, पण चूक लगेच कळायची. मी त्याच्याजवळ इतके दिवस होतो, पण तेव्हा पहिल्यांदा त्याला शांत बसलेलं पाहिलं.

वर्ष भरायला आलं. एका सकाळी त्यानं शेवटचा पांढरा तुकडा लावला आणि मागं सरकून पाहिलं.

मधोमध एक तोंड आलं होतं. डोळे नसल्यासारखेच. सगळ्या फाटक्या पांढऱ्या कडा एकाला एक लागून दात झाले होते. घट्ट मिटलेले दात. आणि भोवती लाल-काळं सगळं आत दाबलं गेलेलं.

"तेच आलं," तो ओरडला. "दवाखान्यातलंच तोंड! आई, मला तेवढंच येतं!" त्यानं साल उचललं आणि चुलीकडं धावला.

चतुराबाईनं त्याचं मनगट पकडलं. "थांब."

वर्षात पहिला शब्द.

तिनं साल त्याच्या हातातून काढून घेतलं, दारात उजेडाला धरलं आणि बघत राहिली. बोट त्या पांढऱ्या दातांवरून फिरवलं. "हे पुंजाचं नाय."

"मग कुणाचं?"

"तुझं. तू झोपंत दात खातोस, मंग्या. करकर आवाज येतो. पुंजा गेल्यापास्नं ऐकते मी."

मंगळूनं आपल्या गालाला हात लावला. जबडा दगडासारखा होता. त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं तोंड उघडायचा प्रयत्न केला तर कानापाशी कट् असा आवाज झाला. मग तो तिथंच, माझ्याशेजारी खाली बसला.

"आई, दादा एकटा जाऊ नये म्हणून नाय टाकला मी फोटो."

तिनं साल बाजूला ठेवलं.

"फोटोत मी पण होतो ना. मी मलाच टाकलं. मला जायचं होतं त्याच्यासंगं. आजपावतर जायचंच होतं."

"मला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय? मग बोलत का नव्हतीस?"

"काय बोलू? जायचं का म्हणून इचारलं असतं, आन् तू व्हय म्हणला असतास तर?" तिचा आवाज फाटला. "एक गेला. दुसऱ्याच्या तोंडून तसलं ऐकायचं बळ नव्हतं माझ्यात. म्हणून गप होते. मला वाटलं, गप ऱ्हायले की तू जायचा नायस."

मंगळू रडला. पुंजाराम गेल्यापासून तो ओरडला होता, भांडला होता, त्यानं भिंतीवर डोकं आपटलं होतं, पण रडला नव्हता. रडताना तोंड उघडावं लागतं.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "मग हे भितीवर लावू?"

"नाय. गेलेली माणसं भितीवर ऱ्हातात. हे खालीच ठेव." तिनं ते साल दाराजवळ, चपला काढतात तिथं टेकवून ठेवलं. येता-जाता त्याला पाय लागायचा. ती म्हणायची, लागू दे.

वर्षाच्या कार्यक्रमाला पाट पुन्हा रिकामाच राहिला. भिमाजी मामानं पुन्हा तेच विचारलं. ह्या वेळी मंगळूच म्हणाला, "मी जाळला, मामा. आता दुसरा नाय." आणि मेणबत्ती लावून पाटासमोर बसून राहिला. पुंजारामचा चेहरा त्याला मिळाला नाही. नंतरही कधी मिळाला नाही.

पुढं तो पोस्टरं लावत राहिला. फावल्या वेळात सालं फाडून चिकटवत राहिला. ती चित्रं कुणी विकत घेतली नाहीत, त्यानंही कुणाला दाखवली नाहीत. कधी एखाद्या चित्राकडं बघून म्हणायचा, "हां, म्हणजे मी भ्यालोय तर." कधी म्हणायचा, "आज कुणाचा तरी राग हाय." आणि मग पाणी भरायला जायचा.

मोरचुदानं माझा तळ खाल्ला. खळ गळायला लागली तेव्हा मंगळूनं प्लास्टिकची बादली घेतली. मला टाकलं नाही. दगड भरून छपरावर ठेवलं, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. त्याचं अंथरूण बरोबर माझ्याखाली येतं.

गंज आतून चढत चाललाय. माझ्यावर वाकलेलं पुंजारामचं ते तोंड मी आत जपून ठेवलं होतं, पण आता मलाही भुवई डावी की उजवी ते नक्की सांगता येत नाही. तुम्ही मला कधी पाहिलंत तर दगड काढून आत बघू नका. तिथं काही दिसायचं नाही. तुमच्या घरी जो समोर बसून जेवतोय, त्याच्याकडं बघा. तो जबडा आवळून घास गिळत असेल तर त्याला विचारा. उत्तराची भीती वाटली तरी विचारा. चतुराबाईचं एक अख्खं वर्ष त्या भीतीत गेलं.

आता घरातले दिवे मालवले की मी कान देऊन असतो. खालून करकर येते का, ते ऐकतो. बऱ्याचदा येते. एखाद्या रात्री येत नाही, आणि मग सकाळपर्यंत नुसता श्वास ऐकू येतो.