फोटोग्राफरची जीभ

फोटोग्राफरची जीभ तोंडात मावत नसे. तिच्या कडांवर दातांच्या खुणा कायमच्या उमटलेल्या. तो काय बोलतो ते फक्त बायकोला कळे. म्हणून स्टुडिओत दिव्याशेजारी ती उभी असे. भाषांतराला.

तो: भोपळ्याला टाय बांधल्यासारखं दिसतंय.
ती: टाय शोभतोय म्हणतात.

तो: हिला हसू नको म्हणावं, नुसत्या हिरड्या येतायत.
ती: ओठ मिटले की तुम्ही फार गोड दिसता म्हणतात.

धंदा झकास चालला होता.

मग झोपेत त्याचा श्वास अडकू लागला. सर्जनकडे जावंच लागलं.

तो: कापा लवकर.
ती: घाई नाही म्हणतात, गोळ्या द्या.
सर्जन: ते 'कापा लवकर' म्हणाले. ताई, मी दिवसभर अशाच जिभा ऐकतो.

ती गोरीमोरी झाली. नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

"जीभ सुटली तर गिऱ्हाईक तुटेल," ती म्हणाली. "हे काय काय बोलतात, ते माझं मला ठाऊक."

"आणि श्वास तुटला तर?" सर्जनने कागदावर जीभ काढली, मधली पाचर खोडली. "एवढं काढायचं, दोन्ही कडा शिवायच्या."

"कापा," ती म्हणाली. हे भाषांतर नव्हतं.

(इथे ऑपरेशन हवं. पण त्याला भूल दिलेली आणि तिला आत सोडलं नाही. जागा कोरी.)

शुद्धीवर आला तेव्हा जीभ सुजून दुप्पट. बायकोच्या सासूबाई म्हणाल्या, "कमी करायला नेली होती की वाढवायला?"

सूज ओसरली, टाके विरघळले. एका सकाळी तो म्हणाला, "पाणी दे गं."

सासूबाई आतून ओरडल्या, "कोण आलंय?"

स्टुडिओ उघडला. पहिलं गिऱ्हाईक एक ठेकेदार; पोट आत ओढून, श्वास रोखून बसलेला. बायकोने दिव्याचा दांडा घट्ट धरला. फोटोग्राफरने तोंड उघडलं. ठेकेदार ऐकायला पुढे झुकला. त्याचं ऐकायला असं कुणी कधी झुकलं नव्हतं. तो कॅमेऱ्याआड सरकला.

"तूच सांग," तो बायकोला म्हणाला. अगदी स्पष्ट.

इतकी वर्षं गोड बोलून तिचं तोंड आंबलं होतं. "काका, श्वास सोडा! पोट काही लपत नाही, तोंडाचा मात्र टोमॅटो झालाय."

ठेकेदाराने श्वास सोडला. पोट बाहेर आलं, मागोमाग हसू. फोटोग्राफरने तेवढ्यात बटण दाबलं.

"उद्या मेव्हण्याला पाठवतो," डोळे पुसत ठेकेदार म्हणाला. "त्याला जरा जास्त सुनावा."