मास्तरांचं दुसरं खोटं

मास्तर जन्मभर एकच खोटं बोलत आले होते : "परवा नक्की." शिंप्याच्या धंद्यात याला कोणी खोटं म्हणतही नाही. गिऱ्हाईक ते ऐकून मान डोलावतं आणि पुढच्या आठवड्यात येतं. बाकी माणूस असा सरळ की उरलेला वीतभर कपडासुद्धा घडी करून परत देणार. त्यामुळे म्हातारपणी, ऑपरेशन होऊन घरी आल्यावर, मऊ भाताच्या घासावर छातीशी हात नेऊन ते जे दुसरं खोटं बोलले, ते त्यांना जमलं याचंच आधी नवल करायला हवं. जमलं, आणि नको इतकं चांगलं जमलं.

पोटातलं आंबट वर येण्याचं त्यांचं दुखणं जुनं. मशीनवर वाकून बसायचं, जेवल्याजेवल्या पुन्हा वाकायचं, की आलंच पाणी घशाशी. टाचण्यांच्या डबीत निम्म्या टाचण्या असत, निम्म्या जळजळीच्या गोळ्या. झोपायचं ते तीन उशा लावून, जवळजवळ बसूनच. बायको म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे बिनरिझर्वेशनचा प्रवास, पाठ टेकायची सोय नाही. बायको गेली, दुखणं मात्र राहिलं. पुढे आवाज बसला, झोपेत ठसका लागून जीव घाबरा व्हायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालायचे, म्हणजे खालचं वर येत नाही. मास्तरांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, कॉलरच की ही, पण शिवणीत जरा माया ठेवा, नाहीतर गळा आवळतो. डॉक्टरीणबाई हसल्या, ठेवते म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेक आली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मास्तर तिला 'बटण' म्हणत. आता तिची चाळिशी उलटली होती, विमा कंपनीत चार माणसं तिच्या हाताखाली होती, तरी ती बटणच. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पोटावरची बारीक भोकं बघितली आणि नर्सबाईंना म्हणाले, "काजं सुबक केलीत. बटण माझ्याकडे आहे." लेक हसली, आणि हसताहसता तोंड फिरवून खिडकीशी गेली. मास्तरांना वाटलं, दमली असेल.

घरी आणल्यावर तिने सांगून टाकलं, "तुम्ही नीट जेवायला लागलात की मी जाते." तोवर ऑफिसचं काम ती इथूनच करणार होती.

आधी नुसतं पातळ. गाळलेलं सूप, पाणी घातलेला रस, तेही चमच्याने. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ भात, कुस्करलेला बटाटा. सोड्याची बाटली घरात आणायची नाही, कारण ढेकर बंद. वरची वाट बंद झाल्यावर पोटातली हवा खालची वाट धरणार, त्याला कोण काय करणार? दुकान पुढच्या खोलीत, घर मागच्या दोन खोल्यांत. गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप लावताना मास्तरांची पंचाईत झाली की आतून लेक धाडकन पातेली आपटे आणि बापाची अब्रू वाचवी. मग दोघंही आपापल्या जागी हसत.

एकदा मात्र खरंच अडकलं. मास्तरांनी चहात न बुडवताच पावाचा तुकडा तोंडात टाकला, आणि तो छातीच्या मधोमध जाऊन बसला. खाली जाईना, वर येईना. उलटीही होईना. डोळ्यांतून पाणी, तोंडात लाळ, कपाळावर घाम. लेक पाठीवरून हात फिरवत राहिली. मग कधीतरी तो तुकडा आपसूक सरकला. मास्तरांच्या जिवात जीव आला. घास अडकला की माणूस कसा दिसतो, हे त्यांना त्या दिवशी आतून कळलं.

त्यानंतर तब्येत झपाट्याने सुधारली. मास्तर एका उशीवर झोपायला लागले. सकाळी तोंड कडू नसायचं. आणि अशातच एक दिवस ते जुना टॉवेल शोधायला बायकोचं कपाट उघडून बसले.

आत लेकीचा लोकरीचा कोट टांगलेला होता. खाली रजई होती, लग्नात त्यांनी स्वतः शिवून दिलेली. बाहेर असा उन्हाळा की पंख्याखाली बसूनही सदरा पाठीला चिकटत होता. थोड्या दिवसांसाठी आलेलं माणूस भर उन्हाळ्यात रजई घेऊन येत नाही. मास्तरांनी कपाट होतं तसं लावलं आणि टॉवेल न घेताच दुकानात येऊन बसले. जावई ऑपरेशनला आले नव्हते. लेक म्हणाली होती, कामानिमित्त बाहेरगावी आहेत. आता आठवायला बसले तर तिच्या फोनवर त्यांचा फोन आलेलाही आठवेना.

लेक भाजी आणायला गेली तेव्हा त्यांनी जावयांना फोन लावला. निमित्त सोपं होतं : बटणला अजून थोडे दिवस ठेवून घेतो, तुमची गैरसोय तर होत नाही ना? पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग जावई म्हणाले, "काका, तुम्ही हे तिच्याशीच बोला."

लग्न झाल्यापासून हा माणूस त्यांना बाबा म्हणत आला होता. मास्तरांनी फोन ठेवला. पुढे काही विचारायची गरजच नव्हती.

आता दुसऱ्या कुठल्या घरात बापाने लेकीला समोर बसवून विचारलं असतं. या घरात तशी रीत नव्हती. बायको आजारी होती तेव्हा तिच्या आजाराचं नाव तिघांपैकी एकानेही मोठ्याने घेतलं नव्हतं. तिने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, लेकीने दोघांकडे बघून तोंडातून ब्र काढला नाही. शेवटपर्यंत अळीमिळी गुपचिळी. यालाच ते एकमेकांना जपणं म्हणत. तेव्हा मास्तरांनी विचार केला तो असा : विचारलं तर तिला सांगावं लागेल, सांगताना तिचा चेहरा कसा होईल ते मला बघवणार नाही. तिच्या मनात येईल तेव्हा सांगेल. तोवर तिला इथे राहायला निमित्त हवं, आणि निमित्त तर माझ्या पोटातच आहे.

त्या संध्याकाळी मऊ भात वाढून लेक म्हणाली की उद्यापासून सगळं खाऊन बघा, जमलं तर मी तिकिटाचं बघते. बोलताना ती पातेल्याच्या कडेचा भात उगाच खरवडत होती. मास्तरांनी घास घेतला. तो लोण्यासारखा उतरला. त्यांनी चमचा खाली ठेवला, छातीशी हात नेला आणि म्हणाले, "अडकलं."

लेक धावत आली. पाठीवर हात फिरवू लागली. आणि मास्तरांनी तिरक्या नजरेने बघितलं, तिचे आखडलेले खांदे खाली आले होते. आपलं बरोबर आहे, याची त्यांना खूण पटली.

पुन्हा मिक्सर सुरू झाला. पुन्हा सूप, पुन्हा पातळ. मास्तरांच्या पोटात कावळे ओरडत, शेजाऱ्यांकडे काही तळलं की तोंडाला पाणी सुटे, पण माणूस खोट्यातही प्रामाणिक. दुकानात लपवून बिस्कीट खावं, हेही त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी घशाखाली उतरलं नसतं. कधी सुधारल्यासारखं दाखवायचं, भाताची दोन शितं खायची, आणि लेकीने तिकिटाचा विषय काढला की छातीशी हात. पँट ढगळ व्हायला लागली. मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या कपड्यांत मिसळून ती आत घेतली, ढगळ होत गेली तशी पुन्हा पुन्हा घेतली. मागच्या खोलीत लेक लॅपटॉप उघडून काम करत असे. तिचे कपडे आईच्या कपाटात नीट लागले होते, दाराशी तिच्या चपला होत्या, आणि चहाला हाक मारली तर कोणीतरी 'ओ' देत होतं. खरं सांगायचं तर मास्तर उपाशी होते आणि सुखात होते.

उन्हाळा संपला तरी बापाचा घास उतरेना, तेव्हा लेकीनेच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्यांनी वजन बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, एव्हाना हे व्हायला नको. टाके घट्ट बसले असतील तर दुर्बीण घालून आतून फुग्याने ताणावं लागेल. घट्ट शिवण ताणली की काय होतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. हीच वेळ होती खरं बोलायची. पण शेजारच्या खुर्चीत लेक पर्सचा पट्टा हाताला गुंडाळत, सोडत बसली होती.

"करा," मास्तर म्हणाले.

भुलीतून ते जागे झाले तेव्हा ती शेजारीच होती. मांडीवर त्यांची पँट होती, कंबरपट्टी उलटी करून ठेवलेली. ती त्यांना घरी घेऊन आली. मास्तर दुकानात जाऊन बसले आणि उगाच सुईत दोरा ओवायला लागले. ती मागोमाग आली.

"फुगा घालावाच लागला नाही. डॉक्टर म्हणाल्या, आत सगळं मोकळं आहे. काहीही अडकत नाही."

मास्तरांना सुईचं भोक सापडेना.

"मी शिंप्याची मुलगी आहे, बाबा. ही पँट तीनदा आत घेतलीय. जुन्या टिपांची भोकं दिसतायत. एवढे दिवस उपाशी राहिलात, कशासाठी?"

"तू जाशील म्हणून," मास्तर म्हणाले. आणि मग, खालीच बघत, "जायला तुला घर नाही म्हणून."

ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. मास्तरांनी तिला कपाटातला कोट सांगितला, रजई सांगितली, फोन सांगितला. 'काका' हा शब्दही सांगितला.

"म्हणजे तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला. मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं."

"सांगायचंच होतं मला. रोज सांगायचं होतं. मनाशी म्हणायचे, यांना आधी नीट जेवू दे, अंगात ताकद येऊ दे, मग सांगू. आणि तुम्ही जेवेचनात. तुमचं सूप करताना मी मिक्सर लावून रडायचे, आवाज दुकानात येऊ नये म्हणून."

ज्यातून लेकीला वाचवायला ते निघाले होते, तेच त्यांनी तिला एकटीने सोसायला लावलं होतं, रोज, एका भिंतीपलीकडे.

मग तिने उरलेलंही सांगितलं. जावयांनी दुसऱ्या बाईबरोबर वेगळं घर केलं होतं, आणि ते ऑपरेशनच्या बरंच आधी. बापाची ढासळती तब्येत बघून तिची खात्री झाली होती की हे आता यांना कधीच सांगता यायचं नाही, सांगितलं तर हे अन्नच सोडतील. म्हणून तिने ऑफिसात लांबची बदली मागितली होती. तिथून फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणणं सोपं गेलं असतं. बदली मंजूर झाली होती.

"राहा," मास्तर म्हणाले. हा एक शब्द सगळा उन्हाळा त्यांच्या तोंडात होता.

लेक रडली नाही. त्यांना वाटलं होतं त्याहून ती जास्त रागावलेली होती. "आता कशी राहू? मी ऑफिसला हो म्हणून बसलेय. आणि राहिले तरी काय होईल, सांगा ना. तुम्ही दुखतंय म्हणालात तर मला खरं वाटेल का? मी बरी आहे म्हटलं तर तुम्हाला? आईच्या वेळीही आपण हेच केलं, बाबा. ती काही न बोलता गेली. मला तसं नाही राहायचं."



त्या संध्याकाळी तिने भरलेलं ताट समोर ठेवलं आणि स्वतः समोर बसली. मास्तर एकेक घास चावून खात होते, ती बघत होती. सगळं उतरलं. जेवण संपल्यावर तिने ताट उचललं आणि नुसतंच "बरं" म्हणाली.

आठवड्याने ती गेली. बॅग मास्तरांनीच उचलली, ती नको म्हणत असताना. गाडी सुटेपर्यंत दोघंही तिकडच्या थंडीबद्दल बोलले. घरी येऊन मास्तरांनी दुकान उघडलं, एका गिऱ्हाइकाला "परवा नक्की" म्हणून परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत अंडी उकडून, पाव भाजून जेवायला बसले. फोन वाजला. ती पोचली होती. खोली चांगली आहे, खिडकीतून ऊन येतं, शेजारीण बरी वाटते. तुम्ही जेवलात का?

"बसलोय," मास्तर म्हणाले. "उतरतंय सगळं. खरंच उतरतंय." मग ते थांबले. असं काही त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. कुठल्या शब्दांनी विचारतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. "बटण, तू आज रडलीस का?"



"हो."

"आत्ता रडायचंय?"

मग तो आवाज आला. इतके दिवस भिंतीपलीकडे असून त्यांनी ऐकला नव्हता तो, मोठा, लहान पोरीसारखा. मास्तरांना उगी म्हणावंसं वाटलं, पाठीवर हात फिरवावासा वाटला, पण हात पोचणार नव्हता. त्यांनी ताट बाजूला सारलं, फोन कानाशी घट्ट धरला आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिले.