वसंताचा घास

धावड्याजवळच्या तलावावर भिवा भोयाची होडी होती आणि त्या होडीवरचे कायदे भिवाचे होते. रविवारी जालन्याहून जीप भरून शौकीन मंडळी गळ घेऊन यायची. कुणी बियाणे कंपनीतले साहेब, कुणी बँकेतले. भिवा त्यांना दिवसभर पाण्यावर फिरवायचा. नवीन जालन्याचे गोपीकिशन शेठही यायचे, पण ते माशांना कणकेच्या गोळ्या चारून पुण्य जोडायला. होडीच्या एका टोकाला पुण्य, दुसऱ्या टोकाला गळ आणि मधे वल्हं मारणारा भिवा. मासे बिचारे शेठच्या गोळ्या खाऊन गुबगुबीत व्हायचे आणि साहेबांच्या गळाला लागायचे.

भिवाचा कायदा एकच. धरण झालं तेव्हा बुडालेल्या चिंचेचा वाळका शेंडा पाण्यावर दिसायचा. तिथं आलं की सगळ्यांनी गळ वर घ्यायचे, मग साहेब असो की साहेबाचा बाप. भिवा होडी थांबवायचा, वल्हं फळीवर दोनदा आपटायचा आणि भाकरीचा एक घास पाण्यात टाकायचा. त्या आवाजासरशी मासे तोंडं उघडून वर यायचे. मंडळी गप्प बसून बघायची.

तो घास वसंताचा होता. वसंता म्हणजे भिवाचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांमागं याच चिंचेत भिवाचं जाळं अडकलं. वसंता काठावर जेवायला बसला होता. भिवानं वल्हं दोनदा आपटलं. ही दोघा भावांची हाक. वसंतानं अर्धी भाकरी तशीच फडक्यात ठेवली आणि पाण्यात उडी घेतली. जाळं सोडवायला बुडी मारली ती मारलीच. तिसऱ्या दिवशी सापडला. फडक्यातली भाकरी तोवर मुंग्यांनी खाल्ली होती. त्या दिवसापासून भिवानं जाळं आढ्याला टांगलं. या पाण्यातला जीव आपल्या हातानं मारायचा नाही, असं तो कुणालाही न सांगता ठरवून बसला.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नवा नियम आला. मच्छीमार संस्थेचे चेअरमन रामराव कागद घेऊन भिवाच्या दारात आले.

"भिवा, आता तलावात होडी घालायची तं पास लागतो. अन् पास फकस्त क्रियाशील मच्छीमाराला."

भिवाला क्रिया माहीत होती ती एकच, दहाव्या दिवसाची. "वसंताची क्रिया तं बराबर केल्ती भाऊ," तो म्हणाला.

रामरावांना हसावं की रडावं कळेना. "आरं, ती न्हाई. क्रियाशील म्हंजी जो मासे धरतो तो. मच्छीखात्याचा साहेब सोमवारी येऊन डोळ्यानं बघनार हाय. जाळं टाक, एक मासा दाखव, झालं. न्हाई तं होडी काठावर."

"म्या मासे धरीत न्हाई, भाऊ."

"मंग लोकाला फिरवायला परवानगी न्हाई. तसा कायदाच न्हाई त्याच्यात."

रामराव गेले. भिवाची बायको झुंबरबाई चुलीपाशी बसली होती. तिनं लग्न होऊन आल्यावर वसंताला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "अवो, पोटाचं काय, मी निंदाय-खुरपाय जाईन. पन होडी गेली तं त्याला घास कोन घालील?"

भिवानं आढ्याचं जाळं काढलं. उंदरांनी कुरतडलेलं जाळं दोघं नवराबायको तीन दिवस विणत बसले.

सोमवारी साहेब आले. माणूस वाईट नव्हता, त्याला दिवसात अजून दोन तलाव उरकायचे होते. भिवानं जाळं टाकलं. शेवाळ आलं. दुसऱ्यांदा टाकलं, तिसऱ्यांदा टाकलं. उन्हानं पाणी तापलं होतं, मासळी खोल गेली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही मच्छीमार नाही हो, नुसते नावाडी आहात. तसंच लिहितो."

"जरा थांबा, साहेब," भिवा म्हणाला.

मासे कुठं आहेत हे भिवाला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यानं होडी चिंचेपाशी नेली. जाळं खांद्यावर घेतलं, वल्हं उचललं आणि फळीवर दोनदा आपटलं. मासे वर आले. भिवानं डोळे मिटून जाळं फेकलं.

हातभर राहू मासा निघाला. घास नसलेलं तोंड उघडंच होतं. "वा," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर क्रियाशील असं लिहिलं.

रविवारी पास खिशात होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून. होडीत गोपीकिशन शेठ एकटेच होते. चिंच आली. भिवानं होडी थांबवली, पण वल्हं काही उचलवेना. त्याला वाटत होतं की आता मासे येणार नाहीत, आणि न आलेलेच बरे. निदान त्यांनी तरी रागवावं. अकरा वर्षांत त्याच्यावर कुणी रागवलं नव्हतं. झुंबरबाईसुद्धा नाही.

शेवटी त्यानं दोनदा आपटलं.

मासे आले. नेहमीसारखे, घाईघाईनं, एकमेकांना ढकलत, तोंडं उघडून.

भिवा मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. शेठ घाबरले. हातातल्या गोळ्या त्यांनी बाजूला ठेवल्या.

"काय झालं रे भिवा? पास तर मिळाला ना तुला?"

"मिळाला, शेठ." भिवानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. भाकरीचा घास अजून त्याच्या मुठीतच होता. "हाक मारली की येतेत, बगा. काहून बलावलं, ते इचारीत न्हाईत. त्यानंबी इचारलं न्हवतं."