माउंटिंगची रबरं

इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं, ती माउंटिंगची रबरं बाबांच्या गाडीत पार झिजली होती. मी पेशाने मेकॅनिक. म्हटलं, एकदाच काय ते पक्कं काम करून टाकू. साधी रबरं सोडून शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसली कडक बसवली. बाबांना विचारलंही नाही. अतिशहाणा म्हणतात तो मीच.

बाबांनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली. क्लच पायाने नाही, बुडाने सोडायचा असतो, असं ते सांगत. इंजिन रबरावर जरासं कललं की त्यांना सीटमध्ये कळायचं, मग पाय उचलायचा. आता इंजिन हलतच नव्हतं. मऊ रबर जो झटका गिळायचं, तो थेट क्लचला आणि गिअरबॉक्सला बसत होता. फाटकातच गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा उडी मारून शेजारणीच्या कुंड्यांवर गेली. मिनिटभरापूर्वी शेजारीण तिथेच पाणी घालत होती.

बाबांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. "पाय गेला माझा."

"पायाला काही झालेलं नाही, बाबा. रबरं कडक आहेत. चूक माझी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं. गाडीला कशाला नावं ठेवतोस?"

मला स्वतःचाच इतका राग आला की त्याच दुपारी कडक रबरं काढून मऊ, नवी बसवली. हातापाया पडून त्यांना गाडीत बसवलं. गाडी एकही हिसका न देता निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ते परत आले.

"बघितलंत?"

"बघितलं. म्हाताऱ्याच्या पायाला झेपेल अशी करून दिलीस. गुणी आहेस." त्यांनी पुन्हा किल्ली माझ्या हातात दिली. "पण पुढच्या वेळी तिथे कुणी उभं असलं तर?"

मी झटका कुठून कुठे जातो ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, आजाऱ्याची समजूत काढावी तशी. मी हात टेकले.

आता मी चालवतो आणि ते शेजारी बसतात. काल वळणावर मी गिअर बदलला, तेव्हा त्यांचा डावा पाय चटईवर दाबला गेला आणि अलगद उचलला गेला. अगदी नेमका. माझाच जरा उशिरा उचलला गेला होता.

"बाबा, पाय बघा तुमचा," मी म्हणालो.

त्यांनी खाली बघितलं आणि उजवा पाय त्याच्यावर ठेवून दिला.